दक्षिणेचा पैसा आणि मुलींच्या शाळा

पेशवाईच्या भरभराटीच्या काळात श्रावणमास आला म्हणजे पुण्याच्या वाटा देशोदेशीच्या ब्राह्मणांनी फुलून जात. वैदिक, शास्त्री, पुराणिक, आणि त्यांच्या आडोशाने येणारे विद्याहीन भिक्षुकही, पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात जमत आणि तेथून बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातावर सरकारी खजिन्यातली दक्षिणा पडे. ह्या दानाचा प्रारंभ तळेगावास सेनापती दाभाड्यांच्या घराण्यात झाला होता. पुढे ती वहिवाट पेशव्यांच्या दौलतीकडे आली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत तिच्यावर होणारा खर्च लाखांच्या घरात गेला. 1818 साली मुलूख इंग्रजांच्या हाती गेल्यावर ही वहिवाट एकदम मोडली तर विद्वान वर्ग बिथरेल, हे एल्फिन्स्टनसारख्या धोरणी कारभाऱ्याने ओळखले आणि रक्कम कमी करून, दानाला विद्येची अट घालून, ती चालू ठेवली. त्याच पैशातून 1821 साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. ह्या दक्षिणेचा काही अंश पुढे सुमारे तीस वर्षांनी पुण्याच्या पेठांतील मुलींच्या शाळांकडे दरमहा वळला, आणि त्या मुलींच्या परीक्षेचा समारंभ विश्रामबागेत चालणाऱ्या कॉलेजाच्या आवारात झाला. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात जी स्थित्यंतरे झाली, त्यांत हे मला फार मोठे वाटते. ते घडवून आणणाऱ्या माणसांपैकी दोघांचीच नावे आज लोकांच्या ओठांवर आहेत. बाकीच्यांची जुन्या अहवालांच्या पानांत राहिली आहेत. प्रस्तुत लेखात त्या बाकीच्यांकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, असा माझा हेतू आहे.

दक्षिणेच्या वळणाची पहिली खटपट 1849 साली झाली. ह्या निधीचा काही भाग उत्तम मराठी ग्रंथ लिहिणारास पारितोषिक म्हणून मिळावा, मग तो कोणत्याही जातीचा असो, अशा आशयाचा अर्ज पुण्यातील काही तरुणांनी सरकारास केला. लोकहितवादी म्हणून पुढे विख्यात झालेले गोपाळ हरी देशमुख ह्या पक्षात होते. अर्जदार बहुतेक ब्राह्मणच होते आणि ज्या हक्कावर ते घाला घालीत होते तो त्यांच्याच आप्तस्वकीयांचा होता. शहरात मोठा क्षोभ झाला. अर्जदारांच्या अंगावर लोक धावून जातील अशी वेळ आली तेव्हा जोतीराव फुले ह्यांनी महार-मांग वस्तीतील धट्टीकट्टी माणसे संरक्षणास आणून उभी केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्यांना लेखणीचा अधिकार होता त्यांच्या पाठीशी, ज्यांना तो कधीच नव्हता असे लोक उभे राहिले. पुढील दशकात मुलींच्या शाळांसाठी जो संयोग पुण्यात जुळून आला, त्याची ही नांदी होती.

जोतीरावांची पहिली शाळा 1848 सालची. त्यापूर्वी अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फॅरर ह्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या. सदाशिव बल्लाळ गोवंडे हे त्यांचे शाळासोबती नगरास नोकरीवर असल्याने तिकडे त्यांचे जाणे झाले. मुंबईत मार्गारेट विल्सन ह्यांनी 1830 च्या सुमारासच मुलींना अक्षरे गिरवायला बसविले होते. म्हणजे मुलीने शिकावे ही कल्पना ह्या प्रांतात अगदी अश्रुतपूर्व नव्हती. परंतु मिशनच्या शाळेत मुलगी घालणे म्हणजे तिचा धर्म पणास लावणे, अशी समजूत सर्वत्र घट्ट होती, आणि ती समजूत दूर करायची तर शाळा गावातल्या माणसाची, गावातल्या वाड्यात आणि गावातल्या पंतोजीच्या हाताखाली निघणे अगत्याचे होते. ते काम बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे ह्यांच्या वाड्यात झाले. भिडे आडनावाच्या ब्राह्मण गृहस्थाने माळ्याच्या मुलाला आपली जागा शूद्रादिकांच्या आणि ब्राह्मणांच्याही मुली शिकविण्यासाठी मोकळी करून दिली, हे वाक्य आज आपण सहज वाचून जातो. परंतु ज्या काळी जातीचा निर्णय शंकराचार्यांच्या आज्ञापत्राने आणि पेठेतल्या चारचौघांच्या बैठकीत होत असे, त्या काळी वाड्याच्या दिंडीतून अशा मुली आत येऊ देणे म्हणजे लग्नकार्यातले पान, श्राद्धाचे आमंत्रण आणि पंक्तीतला पाट हे सर्व संकटात घालणे होते.

एखाद्या नव्या विचाराचा पुरस्कर्ता जे धैर्य दाखवितो ते सर्वांच्या दृष्टीस पडते, कारण तो रस्त्यावर असतो. जोतीरावांच्या पत्नी सावित्रीबाई शाळेच्या वाटेवर शेणगोटे झेलीत गेल्या आणि ते धैर्य असामान्य होते ह्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी त्यांच्यासाठी आपला दरवाजा आतून उघडला, त्यांचे धैर्य निराळ्या जातीचे होते. ते बोलून दाखवावे लागत नाही, त्याची दंतकथा होत नाही, आणि ज्या दिवशी ते ढळते त्या दिवशी शाळा कोणताही गाजावाजा न होता बंद पडते. पहिली शाळा अशीच काही काळाने बंद पडली. 1849 साली जोतीरावांचे वडील गोविंदराव ह्यांच्यावर भाऊबंदांचे आणि शेजाऱ्यांचे दडपण आले आणि मुलासुनेला घर सोडावे लागले. तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख ह्यांनी त्यांना आसरा दिला. ह्याच उस्मान शेखांच्या घरच्या फातिमाबीबी सावित्रीबाईंच्या बरोबरीने शाळेत शिकवू लागल्या. जोतीरावांची मावसबहीण सगुणाबाई क्षीरसागर ह्या तर त्यांच्या बालपणापासूनच्या आधार होत्या. तालीमबाज लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार ह्यांनी आपापल्या वाड्या-वस्त्यांत फिरून मुले-मुली शाळेकडे वळविली, आणि शाळेच्या वाटेवर कोणी आडवे येऊ नये ह्याची काळजी वाहिली. जातीने, धर्माने आणि धंद्याने एकमेकांपासून दूर असलेल्या ह्या माणसांना एकत्र आणणारा कोणता तरी लिखित करार नव्हता. होता तो एक माणूस आणि त्याची पत्नी ह्यांच्यावरचा विश्वास.

1851 साली मात्र हा विश्वास कागदावर उतरला, आणि मला ह्या इतिहासातले हेच वर्ष विशेष मननीय वाटते. त्या वर्षी 3 जुलैस बुधवार पेठेतच, अण्णासाहेब चिपळूणकर ह्यांच्या वाड्यात, मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी 8 मुली आल्या आणि पुढे त्यांची संख्या 48 वर गेली. 17 सप्टेंबरास रास्ता पेठेत दुसरी आणि 1852 च्या 15 मार्चास वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. ह्या वेळी शाळांच्या मागे एक मंडळी उभी करण्यात आली होती. अण्णासाहेब चिपळूणकर, बापूरावजी मांडे, केशव शिवराम भवाळकर, सदाशिवराव गोवंडे ही त्यांतील काही नावे. वर्गणी गोळा करणे, जमाखर्च ठेवणे, पंतोजींचा पगार वेळेवर चुकविणे, सरकारकडे अर्ज धाडणे आणि परीक्षेच्या दिवशी शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून आणणे, अशी कामे ह्या मंडळीने अंगावर घेतली. भवाळकर आणि सखाराम यशवंत परांजपे ह्यांनी आणखीही एक काम केले, जे माझ्या मते ह्या सर्वांहून मोलाचे होते. जोतीरावांनी घरी शिकविलेल्या सावित्रीबाईंचे पुढील शिक्षण त्यांनी हाती घेतले. मुलींना शिकवायला बाई हवी, आणि बाई तयार करायची तर तिला शिकवायला कोणा पुरुषाने आपली फुरसत आणि आपले नाव खर्ची घालायला हवे, ही गोष्ट ह्या दोघांना उमजली होती.

सार्वजनिक परीक्षेचा प्रघात हे त्या मंडळीचे सर्वांत परिणामकारक हत्यार होते. आज शाळेची परीक्षा ही मुलाची आणि मास्तरांची खासगी बाब झाली आहे. त्या काळी ती भरसभेत होई, पुढच्या रांगेत साहेब लोक, शास्त्री, सावकार आणि सरदार बसत, मुलींना वाचन, व्याकरण, हिशेब, नकाशा ह्यांवर प्रश्न विचारले जात आणि त्यांच्या उत्तरांवरून शाळेला पुढच्या वर्षी पैसा मिळणार की नाही हे ठरे. 12 फेब्रुवारी 1853 रोजी पूना कॉलेजाच्या आवारात तिन्ही शाळांच्या अशा परीक्षेस लोकांची गर्दी लोटली. शाळांच्या पटावर त्या वेळी 237 मुली होत्या. ज्या विश्रामबागेत तीन दशकांपूर्वी केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी वेदांत-न्यायाचे पाठ सुरू झाले, त्याच परिसरात माळी, मराठा, ब्राह्मण अशा घरांतल्या मुली नकाशावर देशांची नावे सांगत आहेत, हे पाहणाऱ्या एखाद्या जुन्या शास्त्र्याच्या मनात काय चालले असेल ह्याची कल्पनाच करावी. त्याच्या आदल्या वर्षी, 16 नोव्हेंबर 1852 रोजी, विश्रामबागेतच सरकारातर्फे जोतीरावांना महावस्त्रे देऊन त्यांचा गौरव करण्यात आला होता. त्या प्रसंगी अग्रभागी मेजर कँडी होते. हे तेच कँडी, ज्यांनी मोल्सवर्थच्या बरोबरीने मराठी-इंग्रजी कोशासाठी श्रम केले. सरकारचे साह्य, म्हणजे दक्षिणा निधीतून दरमहा मिळणारी रक्कम, येथे येऊन मिळाले. मात्र क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. आधी वाडा मिळाला, मग वर्गणी, मग मंडळी, मग परीक्षा, आणि सर्वांच्या मागून सरकारी पैसा आला. सरकारी खजिन्याने कोणतीही शाळा स्थापन केली नाही. स्थापन झालेल्या शाळेच्या पाठीवर हात ठेवला एवढेच. 1854 च्या वुडच्या खलित्यात स्त्रीशिक्षणाचा उल्लेख आला आणि शाळांना अनुदान देण्याचे धोरण ठरले, तेव्हा पुण्याच्या ह्या शाळा उभ्या राहून दोन-तीन वर्षे झाली होती.

मुंबईचीही गोष्ट ह्याच वळणाची आहे. तेथे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या सभेने 1849 साली मुलींच्या शाळा उघडल्या, तरुण दादाभाई नवरोजी त्या खटपटीत होते, आणि जगन्नाथ शंकरशेटांनी आपल्या जागेत कन्याशाळेस थारा दिला. परंतु मुंबईत पैसा होता, व्यापार होता, निरनिराळ्या जातींच्या लोकांना एकमेकांत मिसळावे लागे. पुण्यात ह्यांपैकी काहीच नव्हते, होता तो केवळ जातीचा धाक आणि पेशवाईची आठवण. म्हणून पुण्यातील चारपाच गृहस्थांच्या नैतिक भांडवलाचे मोल मला अधिक वाटते.

शाळेने काय साधले ह्याचे मोजमाप पटावरील संख्येने करायचे नसते. मातंग समाजातील मुक्ताबाई ही जोतीरावांच्या शाळेतील विद्यार्थिनी. लहान वयात तिने महारमांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला आणि 1855 साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईतील अन्यायांचा आणि आपल्या जातीच्या हालांचा इतका धीट हिशेब एका शाळकरी मुलीने मांडावा, हे पाहून त्या शाळांत केवळ धुळाक्षरे गिरविली जात नव्हती एवढे तरी कबूल करावे लागते. मंडळीतील ज्या गृहस्थांनी आपल्या वाड्याच्या ओसरीवर तिला बसण्याचा मार्ग मोकळा केला, त्यांच्याच पूर्वजांच्या कारभारावर तिने बोट ठेवले होते, हेही विसरून चालणार नाही.

1856 साली सावित्रीबाई आजारी पडून माहेरी नायगावला गेल्या होत्या. 10 ऑक्टोबरास त्यांनी तेथून जोतीरावांना लिहिलेले पत्र आज उपलब्ध आहे, आणि त्यात आश्रयाच्या ह्या सर्व प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. त्यांचा भाऊ त्यांना समजावू पाहतो की, महारामांगांसाठी तुम्ही जे चालविले आहे ते कुळाला बट्टा लावणारे आहे, जातीरूढीला धरून वागावे आणि भटांच्या सांगण्याप्रमाणे चालावे. सावित्रीबाई त्याला उत्तर देतात, वाद करतात आणि शेवटी तो वरमतो. त्याच पत्रात फातिमेला शाळेचा सर्व भार एकटीने सोसावा लागत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, ह्याची त्यांना खात्री आहे. ज्या स्त्रीला सख्खा भाऊ परावृत्त करू पाहतो, तिच्या मागे फातिमा उभी आहे. रक्ताचे नाते जेथे खचते तेथे कामाचे नाते धरून राहते, असे ते पत्र वाचताना मला प्रकर्षाने जाणवते. पुढारी स्त्रीला लोकांच्या साह्याची गरज असते ती सभेत टाळ्या मिळाव्यात म्हणून नव्हे, तर ती आजारी असताना वर्ग उघडा राहावा म्हणून असते.

ह्यानंतर मात्र चित्र पालटू लागले. 1857 च्या धामधुमीनंतर युरोपियन साहेब लोकांच्या वर्गण्या आटल्या, सरकारचा हात आखडला, आणि मंडळीतही मतभेद उत्पन्न झाले. जोतीरावांच्या दृष्टीने महारामांगांच्या शिक्षणाचा आणि मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न एकच होता. मंडळीतल्या उच्चवर्णीय सभासदांपैकी कित्येकांच्या दृष्टीने हे दोन प्रश्न होते, आणि शाळेत मुलींना लिहायला-वाचायला आले म्हणजे कार्य संपले, त्यापुढे इतिहास आणि समाजाची उठाठेव नको, असे त्यांना वाटे. मी ह्या गृहस्थांना दोष देण्याच्या मनःस्थितीत नाही. त्यांनी जेवढे दिले तेवढे देणारे त्या शहरात त्यांच्याशिवाय फार थोडे होते. परंतु आश्रयाला जेव्हा अटी चिकटतात, तेव्हा आश्रित कार्याचा कणा वाकतो हे मात्र खरे. जोतीराव हळूहळू ह्या कामातून बाजूला झाले. 1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, सुमारे नऊ-दहा वर्षे काम केल्यावर काही कारणांनी, ज्यांचा तपशील देण्याची आवश्यकता नाही, आपण त्यातून निवृत्त झालो, असे ते लिहितात. त्या शाळा अजून चालू असून मंडळीने त्या शिक्षणखात्याकडे सोपविल्या आहेत आणि मिसेस मिचेल त्यांची देखरेख करतात, एवढीच माहिती ते पुढे देतात. स्वतः उभारलेल्या कार्याबद्दल इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्ममपणे लिहिणारा माणूस विरळा. त्या निवेदनाच्या अखेरीस मुलींच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रसार अधिक उदारपणे व्हावा, अशी आयोगाला त्यांची विनंती आहे. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-निरीक्षक असाव्यात, अशी मागणी मांडली.

ह्यानंतर दोनच वर्षांनी, 1884 साली, पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. जेथे पूर्वी पेशव्यांची पागा होती त्या जागेवर ते उभे राहिले म्हणून आजही ते हुजूरपागा ह्याच नावाने ओळखले जाते. महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित अशी मोठी मंडळी मागे होती, संस्थानिकांचे साह्य होते, इंग्रज अधिकाऱ्यांची सदिच्छा होती. तरी शाळा निघण्यापूर्वीच विरोध सुरू झाला आणि नंतर वर्षानुवर्षे चालला. 'केसरी'ने मुलींचा अभ्यासक्रम मुलांसारखा असू नये, गृहकृत्यांना धरून असावा आणि शाळेची वेळ थोडकी असावी, असा आग्रह सातत्याने धरला. ह्या विरोधाची झळ रानड्यांना जेवढी लागली त्याहून अधिक त्यांच्या पत्नीला लागली. गव्हर्नर फर्ग्युसन ह्यांच्या उपस्थितीत मुलींच्या हायस्कुलासाठी भरलेल्या सभेत रमाबाई रानडे ह्यांनी इंग्रजीत भाषण वाचून दाखविले, आणि घरी परतल्यावर घरातील वडीलधाऱ्या बायकांनी त्यांची कशी निर्भर्त्सना केली, हे त्यांनी आपल्या आठवणींत लिहिले आहे. रानड्यांनी त्यांना अक्षर शिकविले तेव्हापासूनच त्यांचा हा घरातला लढा चालू होता. बाहेरच्या सभेत टाळ्या पडाव्यात आणि स्वयंपाकघरात सर्वांनी अबोला धरावा, ह्या दोन जगांत एकाच संध्याकाळी वावरण्याचे सामर्थ्य त्यांना कोठून आले असेल? रानडे त्यांच्या पाठीशी होते, हे खरे. पण माजघरात रानडे नव्हते.

संस्थानांत पुढील काही दशकांत राजसत्तेने स्वतः पुढाकार घेतला. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 साली तो सर्व राज्यात, मुलींनाही लागू करून, अमलात आणला; कोल्हापुरास शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ज्यांच्या हाती दौलत असते त्यांनी मनात आणले तर एका जाहीरनाम्याने काम होते. पुण्यासारख्या इंग्रजी मुलखातील शहरात मात्र तो मार्ग मोकळा नव्हता. तेथे नगरपालिकेत मते वळवावी लागत.

ती वेळ 1920 साली आली. पुणे नगरपालिकेपुढे प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा प्रश्न होता आणि टिळकपक्षीयांचे म्हणणे असे की, पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांना सक्ती करावी, मुलींचे पुढे पाहू. खर्चाचा हा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. नगरपालिकेचे उत्पन्न खरोखरच तोकडे होते. परंतु पैसा कमी पडतो तेव्हा पहिली कात्री कोठे लागते, ह्याचा अनुभव शहरातल्या शिकलेल्या बायकांना पुरेपूर होता. तोपर्यंत पुण्यात सेवासदन ही संस्था निघून अकरा वर्षे झाली होती. हुजूरपागेतून आणि सेवासदनातून शिकून निघालेल्या शेकडो स्त्रिया शहरात शिक्षिका, परिचारिका, गृहिणी म्हणून वावरत होत्या. पूर्वी मुलींच्या शाळेसाठी वाड्याचा मालक शोधावा लागे, सह्या करणारा शास्त्री शोधावा लागे, गोऱ्या साहेबाची मर्जी सांभाळावी लागे. ह्या वेळी मुली शिकून मोठ्या झालेल्या होत्या आणि त्यांच्या वतीने बोलायला त्या स्वतः हजर होत्या. मुलींना वगळून केलेली सक्ती आम्हांस मान्य नाही, असे सांगण्यासाठी त्या सभांमधून आणि रस्त्यावरून एकत्र निघाल्या, आणि त्यांच्या अग्रभागी सेवासदनाच्या अध्यक्षा रमाबाई रानडे होत्या. त्यांचे वय त्या वेळी अठ्ठावन्न वर्षांचे होते, रानडे जाऊन जवळजवळ वीस वर्षे झाली होती, आणि ज्या पक्षाशी त्यांना सामना करायचा होता त्या पक्षाचे नेते लोकमान्य शहराचे दैवत होते.